लाईट आली की

सोमवार, ४ मे

आलो एकदाचे सोलापुरात! दिवसभर पडद्याला डोळे लावून बसणाऱ्या माणसाने दिवसाकाठी चार ओळी तरी हाताने लिहाव्यात, असं वैजूचं म्हणणं. वहीही तिनेच आणून दिली, त्यामुळे पळवाट नाही.

वैजूला इथल्या एका दवाखान्यात नर्सची चांगली नोकरी लागली आणि नाशिकचं बिऱ्हाड आम्ही चार दिवसांत उचललं. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालंय. वारा भरपूर, फक्त तो भट्टीतून येतो. आरोही सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, आणि घरात हा उन्हाळा आवडलेली एकमेव व्यक्ती. जूनपर्यंत शाळा नाही म्हणून तिला सकाळच्या चित्रकलेच्या वर्गात घातलं. वर्ग साडेअकराला सुटतो, वैजू अडीचला सुटून तिला न्यायला येते. मधले तीन तास आरोही माझ्याजवळ, कारखान्यात. मालक प्रभुशेठ यांनी ही अट मुलाखतीतच हसून मान्य केली. लेक म्हणजे लक्ष्मी, बसू दे की एसीत, असं म्हणाले.

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेल विणतात. चोवीस माग, वीस जुने, चार नवे, संगणकाच्या हुकमाने चालणारे. त्या चारांना डिझाइन पाठवणारा सर्व्हर, ऑफिसातले सहा संगणक, हजेरीचं यंत्र आणि कॅमेरे एवढं माझं राज्य. सर्व्हर लिनक्सवर आहे हे कळलं आणि परक्या गावात ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

दुपारी तीनला लाईट गेली. चोवीस माग एकदम थांबले तेव्हा कानांना दडे बसल्यासारखं झालं. वीस मिनिटांनी आली, आणि एक गंमत पाहिली. कुणीही विणकर थेट बटण दाबत नाही. आधी उजवा तळवा मागाच्या लोखंडी चौकटीवर टेकवतो, स्वतःचं नाव मोठ्याने सांगतो, मग बटण. मराठी, तेलुगू, कानडी, सगळी नावं एकदम. कल्लप्पामामांना विचारलं. ते इथले जॉबर. मागांची दुरुस्ती आणि पाळीवर लक्ष ठेवणं त्यांच्याकडे. म्हणाले, “मागाला सांगून ठिवायचं की, हितं मानूस हाय म्हून. न्हाईतर त्याला काय कळतंय?” मला हे फार आवडलं.

फक्त सतरा नंबरच्या नव्या मागाकडे कुणी फिरकलं नाही. तीन-चार मिनिटांनी बाहेरून एक काटकुळा, अनवाणी माणूस आला, चौकटीवर तळवा टेकवून काही पुटपुटला, माग धडधडायला लागला आणि तो आल्या वाटेने निघून गेला. संध्याकाळी निघताना पाहिलं तर फाटकासमोरच्या लिंबाखाली बसला होता आणि एक म्हातारी त्याला भाकरीचा घास भरवत होती. एवढ्या मोठ्या लेकाचे लाड! आरोहीला सांगितलं तर तीही उद्यापासून भरवून घेणार म्हणाली.

बुधवार, ६ मे

दोन दिवस सर्व्हरची झाडलोट. आधीच्या माणसाचं काम नीटनेटकं आहे, पण बॅटरी मेलेली. लाईट गेली की सर्व्हर पडतो, आली की आपणहून उठतो.

उठल्यावर आपोआप काय काय सुरू व्हायचं याची एक यादी असते. त्यातल्या प्रत्येक कामाला आम्ही सर्व्हिस म्हणतो. प्रत्येक सर्व्हिसची एक छोटी फाइल: काय चालवायचं, कुणाच्या नावाने चालवायचं, आणि मध्येच बंद पडलं तर पुन्हा उठवायचं की नाही. वैजूला मी हे असं समजावलं की पाहुणे उठायच्या आत कुणी पाणी तापवायचं आणि कुणी चहा टाकायचा हे आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. ती म्हणाली, आपल्या घरी त्या चिठ्ठीवर माझंच नाव असतं.

यादीत एक सर्व्हिस सापडली, नाव नुसतंच ‘सतरा’. वर मराठीत टीप: ‘लाईट आली की सतराला नाव द्यायचं. बंद करू नये. – शि.’ चालते शिवयोगी नावाच्या खात्यावर. बंद पडली तर पुन्हा उठ, पुन्हा पडली तर पुन्हा उठ, अशी तिला आज्ञा. प्रभुशेठना विचारलं. शिवयोगी म्हणजे माझ्या आधीचा माणूस, अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा, फेब्रुवारीत नोकरी सोडून गेला. हुशार होता म्हणे. पूर्वी सतरापाशी कुणी उभंच राहायला तयार नसायचं, लाईट आल्यावर तासतास माग थंड. त्याने तो आपोआप सुरू केला. त्या अनवाणी माणसाचं विचारलं तर म्हणाले, असेल कुणी. प्रभुशेठ केबिनबाहेर फारसे येत नाहीत.

गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करावं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. इथे तीन महिने उघडं! मी ते काढून टाकलं.

गुरुवार, ७ मे

अकराला लाईट गेली, साडेअकराला आली. सर्व्हर उठला, ‘सतरा’ उठली नाही. साहजिक आहे, जिच्या नावाने उठायचं तो खातेदारच नाही. सतरा नंबर गप्प. प्रभुशेठ पहिल्यांदाच केबिनबाहेर आले, परदेशी जाणाऱ्या मालाची गाडी परवा निघायचीय म्हणून माझ्यावर चांगलेच तापले.

खरं तर अशा सर्व्हिससाठी वेगळं, कुणा माणसाचं नसलेलं खातं करावं लागतं. दहा मिनिटांचं काम. पण आरोहीचा वर्ग सुटला होता, शेठ डोक्यावर उभे होते. मी शिवयोगीच्या जागी माझंच नाव टाकलं, ‘इंद्रजीत’, आणि उद्या नीट करू म्हटलं. आळसाला उद्याचा मोठा आधार असतो. माग सुरू झाला आणि मी आरोहीला आणायला पळालो.

परत आल्यावर कल्लप्पामामांनी विचारलं, कुणाचं नाव दिलं? मी म्हटलं, माझं. मामा तळहातावर तंबाखू मळत होते, ते थांबले. “द्याया नको हुतं, सायेब,” एवढंच बोलले आणि गेले. लिंबाखालचा माणूस आज नव्हता. त्याची म्हातारीही नव्हती.

रविवार, १० मे

सुट्टी. सकाळी अकराला भाजी आणायला उतरलो. गवार घेतल्याचं आठवतं, दोडका घेतल्याचं आठवतं. त्यानंतर मी कारखान्याच्या फाटकातून बाहेर येत होतो. पायात घरच्या चपला, हातात भाजीची पिशवी, बारा वाजून दहा मिनिटं. पहारेकरी म्हणाला, आत जाताना मी त्याला नमस्कारही केला.

जुळे सोलापूर ते एमआयडीसी, सात-आठ किलोमीटर. रिक्षाने आलो की कसा, काही आठवत नाही. वैजू म्हणाली उन्हाचा तडाखा. पन्हं पाजलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि टोपीशिवाय बाहेर पडायचं नाही अशी ताकीद दिली. नाशिकची माणसं इथे पहिल्या वर्षी अशीच आडवी होतात म्हणे. खरं असेल. पण दोडका कोवळा बघून घेतला होता हे जर आठवतं, तर पुढचा तास कुठे गेला?

मंगळवार, १२ मे

मुद्दाम सर्व्हरची नोंद पाहिली. रविवारी लाईट आली अकरा एकवीसला. त्यापुढे ‘सतरा: नावाची वाट बघत आहे’. मग बारा वाजून चार मिनिटांनी ‘सतरा: नाव मिळालं’.

हे वाचत असतानाच लाईट गेली. अर्ध्या तासाने आली. आरोही शेजारी बसून बैल रंगवत होती, मी तिला निळी पेन्सिल टोकदार करून देत होतो. पुढच्या क्षणी मी सतरासमोर उभा होतो. तळवा चौकटीवर. तोंडातून माझं नाव बाहेर पडत होतं, शेवटचं अक्षर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माग सुरू झाला. आजूबाजूचे विणकर जमिनीकडे बघत होते, सगळे.

मामांना बाजूला घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. जिथे सतरा नंबर आहे तिथे पूर्वी एक जुना माग होता. त्यावर सयाजी नावाचा विणकर. पंधरा वर्षांपूर्वी लाईट गेलेली असताना तुटलेले धागे जोडायला त्याने धागे ठोकून बसवणाऱ्या फणीच्या आत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि लाईट आली. माग भंगारात गेला, जागा तीच राहिली. नाव सांगायची रीत तेव्हापासूनची. बाकीचे माग नाव ऐकून गप्प बसतात. त्या जागेला नुसतं नाव पुरत नाही. मी विचारलं, मग काय लागतं? मामा म्हणाले, “त्याला त्याची पाळी बदलून पायजे, सायेब. बदली मानूस पायजे.”

मी हसलो. तिथे हसलो. आता घरी लिहिताना हसू येत नाही.

बुधवार, १३ मे

गेल्या गुरुवारी उद्यावर टाकलेलं काम आज केलं. कुणाचंच नसलेलं खातं उघडलं, ‘सतरा’च्या फाइलमधून माझं नाव काढून ते टाकलं. सर्व्हर मुद्दाम पाडून पुन्हा उठवला. माग उठला नाही. नकोच उठायला. यादीतून सर्व्हिस काढून टाकली आणि खूप हलकं वाटलं.

चारला पुन्हा पाहिलं. सर्व्हिस यादीत परत. फाइलमध्ये माझं नाव परत. कुणी केलं हे शोधणं सोपं असतं, सर्व्हर प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्याच टेबलावरून, माझ्याच खात्यातून. एक आज्ञा मी नेहमी घाईत चुकीची टाइप करतो आणि मग दुरुस्त करतो. तीही तशीच आधी चुकीची, मग दुरुस्त.

दोन चाळीसला मी वैजूला आणि आरोहीला रिक्षात बसवून देत होतो. असं मला वाटतं.

शुक्रवार, १५ मे

मामांकडून पत्ता घेतला आणि एसटीने मैंदर्गीला गेलो. दार त्या म्हातारीनेच उघडलं. शरणम्मा, शिवयोगीची आई. मी कोण ते कळल्यावर तिने एकदम माझे पाय धरले. आधी कानडीत, मग मराठीत बोलत होती. सात तारखेला तिचा लेक लिंबाखाली बसल्या जागी रडायला लागला, लाईट आली तरी उठला नाही, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा घरी येऊन झोपला. ते मी त्याचं नाव काढल्यामुळे झालं हे तिला आज कळलं. मला जेवू घातलं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, वर दही.

शिवयोगी आतून आला. उजव्या हाताला तीनच बोटं. आई का भरवायची ते तेव्हा समजलं. तो हळू बोलतो. त्याने शेठच्या आग्रहाखातर नाव देण्याचं काम सर्व्हरवर टाकलं आणि कुणाचं तरी नाव हवं म्हणून स्वतःचं टाकलं. पुढे नोकरी सोडून हैदराबादला गेला, तिथून चालत परत आला. होटगीजवळ रुळावरून चालताना लोकांनी ओढून काढलं. शेवटी लिंबाखालीच मुक्काम केला, म्हणजे जास्त चालावं लागणार नाही. पहिले काही आठवडे तळवा चौकटीवरच पडायचा. मग हात दर वेळी थोडा आत. एक बोट मार्चमध्ये, दुसरं एप्रिलमध्ये.

मी विचारलं, दुसऱ्या कुणाचं नाव टाकून पाहिलंस का? त्याने खोटी नावं टाकली, मेलेल्यांची टाकली, शेठचंही टाकलं. काहीच टिकलं नाही. मग मान खाली घालून म्हणाला, “आपल्या रक्ताचं चालतंय असं वाटतं. पन अव्वाचं नाव टाकायची छाती न्हाई झाली.” अव्वा म्हणजे आई. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. “माझं नाव परत टाकू नका,” एवढं तो दोनदा म्हणाला. मी शब्द दिला.

दीडला त्यांच्या अंगणात चहाचा कप हातात घेतला. साडेपाचला सतरासमोर होतो. मधलं काही नाही. तळपायांना फोड, एक चप्पल नाही, बोटांची पेरं चौकटीच्या आत. मामांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. म्हणाले, आज सतरा चार तास वाट बघत होता. त्याला असं चालत नाही.

त्यानंतर घरी पोचलो आठला. मधल्या वेळात कुठे होतो, माहीत नाही.

सोमवार, १८ मे

लिहायलाच हवं.

साडेअकराला आरोहीला वर्गातून घेतलं. आसरा चौकात रस्ता ओलांडत होतो. तिचा हात माझ्या हातात होता. पेप्सीकोला हवा म्हणत होती, लाल रंगाचा. तिचा हात माझ्या हातात होता.

नंतर सतरा.

मी रस्त्याच्या मधोमध तिचा हात सोडला आणि वळून निघून गेलो. एक ट्रक करकचून थांबला. एका रिक्षावाल्याने तिला उचलून कडेला नेलं आणि तिच्या दप्तरावरचा नंबर पाहून वैजूला फोन केला. तिला काही लागलं नाही. तिने वैजूला सांगितलं की बाबाला हाक मारली पण बाबा दुसरंच कुणीतरी झाला होता.

वैजू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फिटचा प्रकार असेल म्हणाली, डॉक्टर, डोक्याचे फोटो, सगळी नावं घेतली. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने माझी बोटं पाहिली. पेरांवर तीन समांतर कापलेल्या रेघा आहेत, फणीच्या दातांच्या. तिने त्यावर औषध लावलं आणि आरोहीला माझ्याजवळून उठवून स्वयंपाकघरात नेलं. तिचं बरोबर आहे. मी पण तेच केलं असतं. मला आरोही हवी आहे आणि मी तिच्याजवळ असता कामा नये, हे कसं सोसायचं ते मला कळत नाही.

मंगळवार, १९ मे

सकाळी सहाला गेलो, सर्व्हरची वायर उपटली, कापली, तुकडे पिशवीत घेऊन बाहेर पडलो. शेठच्या टेबलावर राजीनामा. सुटलो वाटलं.

नऊला पुन्हा तिथेच होतो. हातात नवी वायर. सर्व्हर चालू. दुकानदार मला ओळखतो म्हणे, मी घासाघीस केली म्हणे.

मग माग — हात कोपरापर्यंत आत होता. मामांनी मला कमरेला धरून मागे ओढलं म्हणून. मधल्या बोटाचं नख गेलं. मामा रडत होते. पुढच्या वेळी मी धरू शकणार नाही म्हणाले, तुमच्यात लई ताकद येते सायेब, चार मानसांची येते.

निघताना ‘सतरा’ची फाइल घाईघाईने कागदावर छापून घेतली. घरी बसून नीट वाचीन, काहीतरी फट असेलच. कुठल्याही फाइलमध्ये असते. वहीत ठेवली आहे.

वैजूशी बोललो. ठरलं. उद्यापासून मी आतल्या खोलीत, बाहेरून कुलूप. खिडकीला गज आहेत. फोन तिच्याकडे. लाईट गेली की मामा तिला फोन करणार, ती दारावर दोन टकटक करणार. आली की तीन. मी तिच्याकडून, आरोहीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून, शपथ घेतली, मी काहीही म्हणालो, कितीही विनवलं, तरी दार उघडायचं नाही. मी ओरडायला लागलो की टीव्ही मोठा करायचा, आरोहीला ऐकू जाता कामा नये. आत ओरडेल तो मी नसेन.

एकदा पाळी चुकवली तर सुटेल. बदली माणूस आलाच नाही तर ते कुणाची वाट बघणार?

बुधवार, २० मे

सकाळी दहा.

कुलूप लागलं. पाण्याचा तांब्या, वही, पेन. वैजूने सुट्टी घेतली आहे. बाहेर आरोहीचा आवाज येतोय, टीव्हीवरचं गाणं म्हणतेय. दारापाशी येऊन विचारलं, बाबा तुला ताप आलाय का? मी हो म्हणालो.

१.२०

दोन टकटक.

१.३५

बसवत नाही. फेऱ्या मारतोय. चार पावलं इकडे, चार तिकडे. घरचा पंखा चालू आहे, तिथली लाईट गेलेली. इथून काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही, आणि तरी कान तिकडे —

१.५०

तीन ट

२.१४

मी इथेच आहे.

इथेच आहे! खोलीत. दाराचं लाकूड ओरबाडलंय, दोन नखं तुटलीत, खांदा सुजलाय, पण दार टिकलं. चोवीस मिनिटं. पहिल्यांदा गेलो नाही. बाहेर टीव्ही मोठ्याने लागलाय. दाराच्या पलीकडे, अगदी खाली, वैजूचे हुंदके. दाराला पाठ टेकून, गुडघ्यांत तोंड खुपसून बसली असावी. वैजू, जमलं गं. जमलं.

तिकडे सतरा वाट बघतोय. बघू दे.

२.१६

कागद काढला. फाइल. आता तो काय करील हे बघावं म्हणून —

शेवटी तीन ओळी आहेत. पूर्वी नव्हत्या. तारीख १५ मे, संध्याकाळी सहा पन्नास. मैंदर्गीहून आलो तो दिवस, चार तास उशीर झाला तो. टीप माझ्या पद्धतीची, खाली माझं आद्याक्षर.

‘तीस मिनिटांत नाव मिळालं नाही, तर पुढच्या नावाला उठवावं.’

पहिला पडला तर दुसरा तयार असावा. कुठलंही काम मी असंच लावतो. कुणीही शहाणा असंच लावील. मीच लावलंय.

पुढचं नाव आरोही.

१.५० अधिक तीस

२.१७

ओरडलो. वैजू दार उघडू नको, आरोहीला धर. आरोहीला धर. टीव्ही आणखी मोठा झाला. मीच सांगितलं होतं. शपथ मीच —

मला जाऊ द्या. मला जाऊ द्या मी जातो मी घालतो हात

दार हलत नाही

२.१८

वैजू हे पान फाडून दाराखालून सरकवतोय. मी ओरडतोय तो मीच आहे. मला उघडू नकोस, ते राहू दे. आरोहीला पकड. दोन्ही हातांनी. बांध हवं तर. सोडू नकोस. ती सहा वर्षांची आहे, ती चालत

पान अर्ध्यात अडकलं. तू दाराला टेकून बसलीयस. तुझा पदर. तू बघत का नाहीस खाली

२.१९

दुसरं पान. वैजू. ऊठ. मागे नको बघू, समोर बघ, हॉलमध्ये. टीव्हीसमोर आहे का ती? गाणं म्हणत होती. आता नाही म्हणत. मला तिचा आवाज येत नाही. नुसता टीव्ही. आरोही, बाबाला ओ दे. आरोही

बाहेरच्या दाराची कडी

वैजू ती कडी काढते आहे तिचा हात पोचत नाही कडीला ती स्टूल

पोचला

वैजू जिन्यावर —